प्रश्न ईशानीला होता

सही करताना मुरलीधर पिंपळापुऱ्यांनी त्या फॉर्मवरचा एकच शब्द वाचला, तो म्हणजे 'स्कॉलरशिप'. पुढचा शब्द 'पेजंट' होता. तो त्यांना दिसला नाही असं नाही. पण पेजंट म्हणजे पेजेस-बिजेस असतील, निबंध लिहायचा असेल, असं समजून त्यांनी पेन टेकवलं. बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलेला, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस स्वतःच्या सतरा वर्षांच्या मुलीच्या फॉर्मवर अशी डोळे झाकून सही करतो, ही गोष्ट पुढे दोन महिने त्यांना रोज टोचत राहिली. आणि टोचली की त्यांना राग येई. तसा तो एरवीही येई. लंडनच्या हॅरो भागातल्या त्या घरात सकाळी आधी केटल तापते की मुरलीधरराव, यावर कुणीही पैज लावली असती.

दुसऱ्या दिवशी मेल आला. वर मुकुट घातलेल्या, खांद्यावरून झगझगीत पट्टा सोडलेल्या एका मुलीचा फोटो, आणि खाली 'अभिनंदन, ईशानी! तुझी निवड झाली आहे.'

मुरलीधररावांनी लॅपटॉप तसाच उचलून स्वयंपाकघरात नेला. राग अनावर झाला की त्यांच्या तोंडी नागपूर येई.

"हे काय लावलं आहे? काहून? आपल्या घराण्यात कधी कोणी मुकुट घातला होता का?"

ईशानी टोस्टला लोणी लावत होती. ती मुळात फार हळू बोलणारी मुलगी, म्हणजे बोललीच तर. शाळेचे रिपोर्ट वर्षानुवर्षं एकच वाक्य आणत: 'ईशानीनं वर्गात अधिक बोलावं.' त्यावर वडील दरवर्षी शिक्षकांना भेटून ईशानी वर्गात का बोलत नाही हे पंधरा मिनिटं समजावून सांगत, आणि ईशानी शेजारी बसून ऐके.

"मला करायचंय," ती म्हणाली.

"काय करायचंय? चालून दाखवायचंय? अकरा वर्षं गणितात पहिली येणारी मुलगी चालून दाखवणार?"

त्यांची बायको निवेदिता नुकतीच हॉस्पिटलमधून आली होती. ती भूलतज्ज्ञ. दिवसभर माणसं झोपवायची आणि घरी स्वतः जागं राहण्याचा प्रयत्न करायचा, असा तिचा दिनक्रम. तिनं चहात बिस्किट बुडवलं. "मुरली, दोन शब्द बोलली ती, तेही कोणी न विचारता. करू दे."

पण मुरलीधररावांनी त्या सौंदर्यस्पर्धेच्या आयोजकांना चार परिच्छेदांचा मेल लिहिला. पहिल्या परिच्छेदात आक्षेप, दुसऱ्यात स्त्रीमुक्तीचा इतिहास, तिसऱ्यात पिंपळापुरे घराण्याचा, आणि चौथ्यात 'नाव तत्काळ मागे घ्यावे'. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: 'तुमच्या उत्साहाबद्दल धन्यवाद! तुमचा प्रवेश आता पक्का झाला आहे.' हे उत्तर यंत्रानं दिलं होतं, हे टेस्टिंगवाल्या माणसाला कळत होतं. अशा यंत्राला कुणी टेस्ट कसं केलं नाही, या विचारानं त्यांचा राग दुप्पट झाला.

त्यांनी फोन लावला. आयोजक बाई होत्या मिसेस हॉलोवे. आवाज मधासारखा, तितकाच चिकट. त्यांनी सांगितलं, नाव मागे घ्यायचं असेल तर स्पर्धक मुलीनं स्वतः फोन करायला हवा.

"माझी मुलगी फोनवर बोलत नाही," मुरलीधरराव म्हणाले.

"मग तर तिनं यायलाच हवं, डार्लिंग," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात त्यांना डार्लिंग म्हणणारी ही पहिलीच बाई, आणि तीही नकार देताना.

प्रकरण इथंच कुजलं असतं. पण शनिवारी कुंपणापलीकडून रेखाबेननी हाक मारली. रेखाबेन शेजारी राहत. लग्नाआधी बोरिवलीला वाढल्यामुळे मराठी बोलत, आणि सल्ला कुठल्याही भाषेत देत.

"मुरलीभाई, ऐकलं ते खरं? ईशानी स्टेजवर जाणार? आमची तनिषा लेस्टरला चौथी आली होती हं अशा स्पर्धेत. पण ती बोलते ना! तुमची छोकरी तर पार्सलवाल्याला पण नुसती मान हलवते. स्टेजवर काय मान हलवणार? बिचारी!"

मुरलीधरराव कात्री हातात घेऊन झुडपं छाटत होते. 'बिचारी' या शब्दाला झुडपाचा एक पूर्ण कोपरा खलास झाला.

"ती पहिली येणार आहे," ते म्हणाले.

घरात येऊन त्यांनी बूटही न काढता जाहीर केलं, "ईशानी, तू ही स्पर्धा जिंकणार आहेस. प्लॅन मी करतो."

त्या संध्याकाळपर्यंत एक एक्सेल शीट तयार झालं. त्याला सात टॅब होते.

पहिला टॅब 'समाजकार्य'. प्रत्येक मुलीनं आपल्या जिव्हाळ्याचा एक विषय निवडायचा आणि त्यावर बोलायचं, असा नियम होता. "तुला काय वाटतं?" असं मुरलीधररावांनी मुलीला विचारलं, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. ईशानीनं तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "मी शनिवारी केमिस्टकडे काम करते ना, तिकडे..."

"केमिस्ट नको. औषधं म्हटलं की लोकांना आजारपण आठवतं. आपण 'मुलांचा स्क्रीनटाइम' घेऊ," वडील म्हणाले आणि चौदा मुद्दे टाइप करून मोकळे झाले.

दुसरा टॅब 'कलागुण'. इथं महाराष्ट्र मंडळातले प्रणव मदतीला आले. ते गणेशोत्सवात सूत्रसंचालन करत, आणि त्यामुळे व्यक्तिमत्त्व विकास हा विषय आपला आहे असं त्यांना वाटे. ते म्हणाले, "लावणी! गोऱ्या जजेसना एनर्जी लागते." मुरलीधररावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की प्रणवनी चहा अर्धा टाकून घरची वाट धरली. शेवटी पेटी ठरली. ईशानी लहानपणी पेटीच्या तीन परीक्षा पास झाली होती.

पेटी ठरली आणि सरकारी खातं नसलेल्या जागीही सरकारी खातं कसं उगवतं, याचा अनुभव मुरलीधररावांना आला. स्पर्धेच्या हॉलवाल्यांचा फॉर्म होता. वाद्य कोणतं? पर्याय दोनच: 'पियानो' आणि 'इतर'. 'इतर'वर खूण केली की खाली लाल अक्षरं उमटत: विजेच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र जोडा.

"याला वीज लागत नाही," मुरलीधररावांनी हॉलच्या ऑफिसात सांगितलं. "हा भाता आहे. हवा येते, हवा जाते."

"हवा कशावर चालते?" काउंटरवरच्या मुलानं विचारलं.

"हातावर!"

"हाताचं प्रमाणपत्र लागत नाही सर. पण वाद्याचं लागतं."

मुरलीधररावांनी त्याच्या वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ आले, पेटीभोवती एकदा फिरले, वाकून प्लग शोधू लागले, आणि प्लग नाही म्हणजे तो तुटलेला असणार, तेव्हा वाद्य जास्तच धोकादायक आहे, अशा निष्कर्षाला पोहोचले. अखेर वेम्बलीत विजेची उपकरणं तपासून देणाऱ्या एका माणसाकडे पेटी न्यावी लागली. त्यानं मीटर लावला, काटा हलला नाही, आणि त्यानं हिरवं स्टिकर चिकटवलं: 'पास'. त्यानं ते नेमकं भात्यावर चिकटवलं. बोटभर भाता तेव्हापासून उघडेना, आणि मंद्र सप्तकातला षड्ज दम्याच्या रोग्यासारखा येऊ लागला.

चालण्याचाही एक टॅब होता. मुरलीधररावांनी वरच्या कॉरिडॉरमध्ये चिकटपट्टीनं सरळ रेघ मारली आणि डोक्यावर पुस्तक ठेवून कसं चालायचं ते स्वतः करून दाखवलं. चौथ्या पावलाला जिना आला. पुस्तक आधी खाली पोहोचलं. त्याच वेळी रेखाबेन दारात ढोकळा घेऊन उभ्या होत्या. मोडलं काहीच नाही, पण पुढचे दहा दिवस त्या कुंपणापलीकडून "कंबर कशी आहे?" असं विचारत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी आवाजात ती 'बिचारी' होतीच.

सगळ्यात मोठा टॅब मात्र मुलाखतीचा. रोज संध्याकाळी जेवणानंतर मुरलीधरराव टेबलाच्या पलीकडे बसत, चष्मा नाकावर घेत आणि इंग्रजीत विचारत, "जग बदलायचं असेल तर तू कुठून सुरुवात करशील?"

ईशानी श्वास घेई.

"इथं आपण घरापासून म्हणायचं," मुरलीधरराव सांगत. "घर म्हणजे मूल्यं. मूल्यं म्हणजे शिस्त. पुढचा प्रश्न. तुझी सगळ्यात मोठी ताकद कोणती?"

ईशानी पुन्हा श्वास घेई.

"चिकाटी. एक उदाहरण द्यायचं. पेटीचं दे."

असे एका संध्याकाळी वीस प्रश्न होत. एकदा निवेदिता सोफ्यावरून डोळे न उघडताच म्हणाली, "मुरली, प्रश्न तू विचारतोस, उत्तर तू देतोस. पोरगी मधे कशाला लागते?"

"तिला मॉडेल आन्सर नको का?" मुरलीधरराव भडकले. "मी नाही सांगितलं तर ही काय सांगणार आहे? बोलत तर नाही!"

ईशानीनं आपली ताटली उचलली, सिंकमध्ये जरा जोरात ठेवली, आणि वर निघून गेली. ती ताटली फुटली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मुरलीधररावांना डिशवॉशरचा राग आला.

स्पर्धा रविवारी दुपारी, वॉटफर्डच्या एका हॉलमध्ये. दारातच पहिला अपमान उभा होता. स्पर्धकासोबतच्या पालकाला पट्टा घातल्याशिवाय आत सोडत नव्हते, आणि पट्टे एकाच प्रकारचे छापले होते. जांभळ्या सॅटिनवर सोनेरी अक्षरं: 'प्राउड पेजंट मम', म्हणजे अभिमानी आई.

"मी वडील आहे," मुरलीधरराव म्हणाले.

"आम्हाला दिसतंय, लव्ह," दारातली बाई म्हणाली आणि तिनं पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. निवेदिता शांतपणे म्हणाली की ती गाडी पार्क करून मागून येईल. ती आली तेव्हा तिच्या गळ्यात पट्टा नव्हता. डॉक्टर आहे म्हटल्यावर तिला कुणी विचारलंच नाही.

सहाव्या रांगेत, चाळीसेक आयांमध्ये, छातीवर 'मम' मिरवत मुरलीधरराव बसले. आधीच्या मुली आल्या, गेल्या. एकीनं जादूचे प्रयोग केले, एकीनं तायक्वांदो. ईशानीनं पेटी वाजवली. मंद्र षड्ज खोकला, पण तिनं त्याला चुकवून दोन सूर वरून सुरुवात केली, आणि टाळ्या बऱ्या पडल्या. मुरलीधररावांच्या मांडीवर त्यांचं शीट होतं. त्यांनी तिथं दहापैकी सात लिहिले.

मग प्रश्नोत्तरांची फेरी. प्रत्येकीला एक प्रश्न, नव्वद सेकंद. पडद्यावर मोठं घड्याळ. सूत्रसंचालकानं चिठ्ठी उघडली.

"ईशानी, तुझ्या आसपास अशी कोण व्यक्ती आहे, जिचं म्हणणं कुणीच ऐकत नाही?"

घड्याळ सुरू झालं. ईशानीनं माइक हातात घेतला. श्वास घेतला.

एक सेकंद. दोन. तीन.

हा प्रश्न शीटमध्ये नव्हता. मुरलीधररावांनी पानं उलटून पाहिली. मुलगी अडकली. सगळ्यांसमोर अडकली. आता रेखाबेन. आता 'बिचारी'. चौथ्या सेकंदाला ते उभे राहिले होते, आणि पट्टा चमकवत, बोट वर करून, खणखणीत इंग्रजीत सांगत होते, "ॲक्चुअली, आमच्या कम्युनिटीत सगळ्यांचं म्हणणं ऐकलं जातं! आमच्या घरी तर विशेष..."

हॉल हसला. आधी एक कोपरा, मग सगळाच. मुरलीधररावांना वाटलं आपला मुद्दा लोकांना पटतोय, म्हणून ते थांबले नाहीत. मूल्यं, शिस्त आणि पेटी यांवर आणखी दहा-बारा सेकंद बोलले.

"बाबा."

तो आवाज माइकमधून आला होता. मुरलीधररावांनी तो आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता.

"बाबा, खाली बस. प्रश्न मला होता."

मराठी तिथं चारच माणसांना कळत असेल. पण हॉलमधलं हसू थांबलं. मुरलीधरराव बसले.

मग ईशानी इंग्रजीत बोलली. राग होता, पण आवाज सरळ होता. तिनं सांगितलं की शनिवारी ती वेम्बलीत एका केमिस्टकडे काम करते. तिथं एक आजी येते. सोबत मुलगा असतो. फार्मसिस्ट आजीला विचारतो, चक्कर येते का? मुलगा सांगतो, नाही. भूक लागते का? मुलगा सांगतो, हो. आजी दोन्ही हातांनी काउंटर धरून उभी असते. "नऊ आठवडे मी तिचे हात बघत होते," ईशानी म्हणाली, "आणि मी काही बोलले नाही. कारण उत्तर आधीच दिलं गेलं होतं. मी अशा घरात वाढले आहे, जिथं माझं उत्तर माझ्याआधी पोहोचलेलं असतं. मला वाटायचं, असंच असतं."

घंटा वाजली. नव्वद सेकंद संपले होते. सूत्रसंचालकानं माइकसाठी हात पुढे केला.

"माझं संपलेलं नाही," ईशानी म्हणाली आणि माइक मागे घेतला. "गेल्या शनिवारी मी काउंटरच्या बाहेर गेले आणि आजीला विचारलं, तिच्या भाषेत. ती म्हणाली, नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून ती तीनदा पडली आहे. मुलगा म्हणाला, मला कधी सांगितलं नाहीस! ती म्हणाली, तू कधी विचारलंस? आता संपलं."

सहाव्या रांगेतल्या चाळीस आया टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्यामधला एक पट्टा हलत नव्हता.

निकालात ईशानी सहावी आली. स्कॉलरशिप पहिल्या तिघींना होती. कागद चिकटवला गेला, त्यावर कारणंही होती: प्रेक्षकांतून मदत, नियम सात, दहा मार्क वजा; वेळ ओलांडली, पाच मार्क वजा. मुरलीधररावांनी बेरीज केली. ते पंधरा नसते तर ती तिसरी असती.

राग हा त्यांच्या ओळखीचा गृहस्थ. तो आला की त्याला कुणाच्या तरी दारात नेऊन सोडायचं, ही त्यांची रीत. ते पट्ट्यासकट मिसेस हॉलोवेंच्या टेबलावर जाऊन थडकले. "हा अन्याय आहे! मुलीला कशाची शिक्षा? मी बोललो तर..."

"मी बोलते," मागून ईशानी म्हणाली.

"तू थांब, तुला नियम..."

"मी बोलते, बाबा." ती त्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. "मिसेस हॉलोवे, दहा मार्क बरोबर आहेत. नियम आहे, आणि तो मोडला. पण माझे वडील बोलत होते तेव्हा घड्याळ थांबवायला हवं होतं. ते एकोणीस सेकंद बोलले. व्हिडिओत आहे. मी वरचे सेकंद घेतले ते त्याहून कमीच आहेत. पाच मार्क परत हवेत."

मिसेस हॉलोवे आत जाऊन जजेसशी बोलल्या. दहा मिनिटांनी बाहेर येऊन त्यांनी कागदावरचा एक आकडा खोडला आणि वर नवा लिहिला. ईशानी पाचवी झाली.

"पाचवीला काय मिळतं?" मुरलीधररावांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मग उपयोग काय झाला?" ते मुलीकडे वळले.

"उपयोग नाही," ईशानी म्हणाली. "पण ते माझे होते."

गाडी निवेदिता चालवत होती. पेटी ईशानीच्या शेजारी मागच्या सीटवर, बेल्ट लावून. मुरलीधरराव पुढे, पट्टा अजून गळ्यात. राग मुरलीधररावांबरोबर गाडीत बसला होता, पण या वेळी त्याला सोडायचं कुठं, हे त्यांना कळत नव्हतं. हॉलवाले, मिसेस हॉलोवे, घड्याळ, सगळ्यांची दारं त्यांनी मनातल्या मनात ठोठावून पाहिली. शेवटी जे दार उरलं ते त्यांचंच होतं, म्हणून ते घाईनं दुसरीकडे वळले.

"दोनशे लोकांसमोर बापाला 'खाली बस' म्हणालीस."

"हो."

"दोन महिने मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी नाही!" ईशानी ओरडली. पेटीसुद्धा हलली. "रेखा आंटीसाठी! तुला माहीत आहे, मी फॉर्म का भरला? वेबसाइटवर रूल सेव्हन होता. नव्वद सेकंद दुसरं कोणीच बोलायचं नाही. मला क्राउन नको होता. स्कॉलरशिप मिळाली तर चान्स होती. मला ती नव्वद सेकंद पाहिजे होते! आणि तू त्यातले पण एकोणीस घेतला!"

मुरलीधररावांनी मान वळवून मागं पाहिलं. मुलीचं नाक लाल झालं होतं, कपाळाची शीर ताठ. ही शीर त्यांनी रोज आरशात पाहिली होती.

"मी घाबरलो होतो," ते ओरडले. माफी मागायचीही त्यांना ओरडूनच सवय. "तू तीन सेकंद गप्प होतीस!"

"मी विचार करत होते! लोक विचार करतात, बाबा! उत्तर देण्याच्या आधी!"

"मग मला काय माहीत, तू विचार करतेस की अडकलीस? काही सांगतेस का तू मला? त्या आजीचं सांगितलंस? नऊ आठवडे!"

"मी सांगितलं! एक्सेल शीटच्या दिवशी! तू म्हणाला केमिस्ट नको!"

हे खरं होतं. मुरलीधररावांनी अत्यंत चिडून विचारलं, "बरं मग, पुढे काय झालं त्या आजीचं?"

"डॉक्टरनं गोळी बदलली. पण मुलगा आता माझ्याशी बोलत नाही. आणि फार्मसिस्ट म्हणतो, मी कस्टमरच्या मध्ये पडायचं नाही. मी त्याला सोमवारी सांगणार आहे की तो चूक आहे."

"काय सांगणार आहेस? मुद्देसूद सांग. आधी..."

"बाबा!"

"बरं, बरं! तू सांग. मी ऐकतो. पण तो फार्मसिस्ट कोण शहाणा लागून गेला, ते मला कळायला पाहिजे!"

"तेच सांगते ना! मधे नको बोलू!"

समोर राउंडअबाउटचा गोल चौक आला. डावीकडे घर, पाच मिनिटांवर. निवेदितानं आरशात मागच्या सीटकडे पाहिलं. ईशानी पुढे वाकून, दोन्ही हात हलवत, सगळी लिंगं चुकवत, तावातावानं सांगत होती. निवेदितानं इंडिकेटर बंद केला, हॅरोचा फाटा जाऊ दिला आणि गाडी पुन्हा एकदा गोल फिरवली.